बुधाआबांचा म्होरला खांदा

लोनावळ्याच्या बाजारात अजून कुनी ना कुनी इचारतंच, तुमी त्या वरच्या वाडीच्या का, तो शर्यतीत मधीच हुबा ऱ्हायलेला म्हातारा तुमचाच का. इचारतात आनि हसतात. परवा तर चिक्कीच्या दुकानाम्होरं एकानं मला नक्कल करून दावली, रस्त्याच्या मधी हुबा ऱ्हाऊन मागं वळून बगनारा म्हातारा. मी पोरगी काखंत घट्ट धरली आनि तितनं चालती झाले, कारन चार मानसांत बोलायचं म्हनलं की माजे शब्द मागचे म्होरं, म्होरचे मागं व्हत्यात. म्हनून हे लिवायला बसले. चौथीपत्तोर शिकलेय, तेवढ्यात जे बसंल ते, आनि पोरगी झोपलीया तवर जेवढं व्हईल तेवढं. बुधाआबा आता न्हाईत. ते गेलं तवा मी तळेगावला थोरल्या बहिनीकडं व्हते, शेवटचं तोंड बगायला बी घावलं न्हाई.

आमची वाडी डोंगराच्या खांद्यावर हाय. एका अंगाला खाली पवनेचं खोरं, दुसऱ्या अंगाला लोनावळा. वाट म्हंजे ढोरांनी पाडलीया तेवढीच. गाडी येत न्हाई, सायकल बी येत न्हाई. कुनी आजारी पडला, बाई अडली, कुनाला पान लागलं, म्हंजे साप चावला, तर डोली. डोली म्हंजे जाड बांबू, त्याला गोधडीची दोन्ही टोकं बांधायची आनि मधी मानूस निजवायचा. एकानं म्होरला खांदा द्यायचा, एकानं मागला, आनि दोघं संगट रिकामे चालायचे, दमलेल्याला बदली द्यायला. बुधाआबा म्होरलं. मी लगीन हून आले तवा ते म्होरलं व्हतं, आनि आत्याबाई, म्हंजे माजी सासू, ती लगीन हून आली तवा बी म्होरलंच व्हतं म्हनं.

म्होरल्याला वाट दिसती. मागच्याला काय दिसतं, गोधडी आनि आतल्याचं डोकं. म्हनून म्होरल्यानं वाट बोलायची. दगुड डावीकडं, म्हनायचं. मागच्यानं व्हय म्हनायचं. निसरडं. व्हय. पायरी खाली. व्हय. असं वाडीपसनं डांबरी रस्त्यापत्तोर चालायचं. आनि मागनं व्हय आलं न्हाई तर म्होरल्यानं जागच्या जागी थांबायचं, मंग आतला मानूस कितीबी इव्हळू दे. कारन मागच्यानं ऐकलं न्हाई म्हंजे त्याचा पाय आंधळा, आनि पाय आंधळा म्हंजे समदी दरीत. आबांचं एक बोलनं व्हतं, "म्होरल्याचा डोळा, मागच्याचं तोंड. एक जरी मिटलं तरी ती डोली न्हाई, वझं."

आबा उंच न्हवतं. वाळकं अंग, गुडघ्यावर धोतर, डोक्याला मुंडासं, आनि उजव्या खांद्यावर बांबूनं पडलेली गाठ, कांद्यायेवढी. वाडीतली पोरं ती गाठ दाबून बगायची. आबा म्हनायचं, दाबू नका रं, आत माजी समदी गिऱ्हाइकं बसल्याती, उठतील. चालायचं म्हनून ते कदी चाललंच न्हाईत. वढ्यावर जाऊ द्या, लग्नाला जाऊ द्या, नाहीतर चुलीसाठी इस्तू मागायला शेजारी जाऊ द्या, बारीक बारीक धाव, पाय भुईला लागला न लागला असा. आनि त्यांच्या मागं कुनी बी असलं की वाट बोलायचं. खोडच ती. काटा. वाकून. शेण. मागं शेरडं असली तरी बोलायचं. सोनाआजी, त्यांची मालकीन, म्हनायची, शेरडं काय व्हय म्हनत न्हाईत, म्हनून ह्यांना घरला यायला रोज अंधार व्हतो. आजी लय तिखट. तिच्या लग्नाची गोष्ट तर ती दर लग्नात सांगायची, की फेरं घेताना नवरा म्होरं आनि मी मागं, आनि सगळी अक्षता घिऊन हुबी, तर ह्यो बाबा मला म्हनतो, पाट हाय उजवीकडं. मंग मी काय करनार, भटाम्होरंच म्हनलं, व्हय. तवापसनं म्हनतेय.

एकदा काय झालं, खंडाळ्याच्या बंगल्यावरला मुंबईचा एक शेट वर आला. त्याला किल्ला बगायचा व्हता आनि चालायचं न्हवतं. त्यानं डोली मागितली. नामाला लय हुरूप आला. नामा म्हंजे आबांच्या मेलेल्या भावाचा ल्योक, आबांनीच ल्हानाचा मोठा केलेला, त्यास्नी सोताचं मूलबाळ न्हवतं. नामा खंडाळ्याच्या बंगल्यात माळ्याच्या हाताखाली काम करायचा, शेट बी त्यानंच आनलेला. आबांनी शेटच्या भवतीनं एक चक्कर मारली, बैल घेताना मारतात तशी, त्याचं पाय बगितलं आनि म्हनलं, शेट, पाय तर झकास हायती. चालनाऱ्याला उचलायला लागलो तर उद्या माजा बैल बी डोली मागंल. समद्यास्नी वाटलं आता शेट चिडनार, पर त्यो हसला आनि चालाया लागला. मंग आबा म्होरं आनि शेट मागं. दगुड. शेट म्हनायचा, हां. आबा थांबायचं. हां न्हाई शेट, व्हय म्हना. किल्ल्यावर जाईपत्तोर शेट व्हय म्हनाया शिकला. नामा घरी येऊन दोन दिस आबांशी बोलला न्हाई.

माजं पहिलं बाळ वाडीतच झालं आनि ऱ्हायलं न्हाई. त्याचं मी जास्ती लिवत न्हाई. मला ताप भरला तवा डोलीतनं खाली नेलं, आबाच म्होरं व्हतं, पर मला त्यातलं काय बी आठवत न्हाई, नुसता त्यांचा आवाज आठवतो, लांबून कुनीतरी वाट सांगतंय असा. लोनावळ्याच्या दवाखान्यातली नर्सबाई आत्याबाईला म्हनली, पुढचं मूल घरी नको, कळा लागल्या की लगोलग घेऊन या. माहेर माजं धरनाच्या पान्यासाठी उठलेलं, आईबाप पत्र्याच्या शेडात, तितं जायची सोय न्हाई. म्हंजे दुसऱ्या खेपंला बी डोलीच. मी त्या इचारानंच अर्धी झालते. परत दिस गेले तवा आबा एकदा दारात आलं, आत आलं न्हाईत, उंबऱ्याभाईरनंच म्हनलं, "पोरी, भ्यायचं न्हाई. म्होरं मी हाय." येवढंच. पर त्या दिशी मला भाकर गोड लागली.

मंग दिवाळी झाली आनि खालच्या आवाठातल्या, म्हंजे खालच्या वस्तीतल्या एका गड्याला पान लागलं. डोली निघाली. खिंडीत पोचायच्या आधीच आबा थांबलं आनि डोली खाली ठिवली. त्यास्नी श्वास घेता येईना, छातीतनं भात्यावानी आवाज येत व्हता. आजवर त्यांनी वाटंत डोली टेकवलेली कुनी बगितली न्हवती. नामानं म्होरला खांदा घेतला आनि पळत खाली नेली, गडी वाचला. पर दुसऱ्या दिशी उंबराखाली समदी बसली तवा नामा बोलला. आबा, तुमचा दम सरला. आता तुमी मागं व्हा, म्होरं मी. बोलला ते वाईट न्हवतं बोलला, पर समद्यांम्होरं बोलला. आबा उंबराचं पिकलेलं फळ हातात घिऊन त्यातल्या मुंग्या फुकत बसलं. म्होरला खांदा म्हंजे वाडीत मान, लग्नात पहिला इडा त्याला, आनि त्याच्यापरीस मोठं म्हंजे वाडीचा जीव त्याच्या तोंडावर. आबांकडनं तो काढून घ्यायचा म्हंजे काय राहायचं त्यांचं.

तवाच नामानं सांगितलं की सव्वीस जानेवारीला लोनावळ्यात तालमीची शर्यत हाय, बाजारातनं निघायचं, मोठ्या रस्त्यानं खंडाळ्याच्या वळनापत्तोर जायचं आनि माघारी यायचं, आनि त्यानं नाव दिलंय. आमचं मालक गमतीनं म्हनलं, मंग दोघं बी पळा की, जो आधी यील त्याचा म्होरला खांदा. लोकं हसली. आबा हसलं न्हाईत. त्यांनी ते फळ टाकलं आनि नामाकडं बगितलं.

"कबूल हाय का रं?"

नामा म्हनला, आबा, ती गंमत हाय, तितं कालेजातली पोरं येत्यात, रेल्वेतली पोरं येत्यात, बूट घालून.

"मी बुटांचं इचारलं न्हाई."

मंग नामाला कबूल म्हनावंच लागलं. मी दाराआडनं ऐकत व्हते, पोटावर हात ठिवून. समद्या वाडीला ठावं व्हतं की आता खाली जानारी डोली माजी.

शर्यतीच्या दिशी मी हट्टानं गेले. आत्याबाई नगं म्हनत व्हती, सातवा संपत आलाय म्हनत व्हती, पर मी सावकाश गेले, बायकांसंगट, बसत बसत. बाजारात रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली, पताका, तालमीची पोरं, भोंगा. पळनारी पोरं उड्या मारत व्हती, पाय झटकत व्हती. आबा येका अंगाला हुबं, मुंडासं, आमच्या मालकांची बंडी घातलेली, काष्टा घट्ट मारलेला, पाय अनवानी. टेबलावरल्या मानसानं वय इचारलं. आबा म्हनलं, हाय की, लय हाय. मंग त्यानं नंबराचा कपडा दिला, छातीवर लावा म्हनला. आबांनी तो पाठीवर लावून घेतला सोनाआजीकडनं. त्यो मानूस म्हनला, अहो पुढं लावायचा. आबा म्हनलं, म्होरं कोन बगनार, मागच्याला दिसाया पायजे.

शिट्टी झाली आनि समदी पोरं सुटली, धुरळाच उडला. आनि आबा रेघंवर हुबंच. मला कळंचना काय झालं. त्यांनी खांदा जरा वाकवला व्हता आनि त्यांचं तोंड हललं. डोली उचलायच्या आधी म्होरला इचारतो, उचलू? आनि मागच्यानं व्हय म्हनल्याबिगर पाय हलत न्हाई. त्यांनी इचारलं, आनि मागं कुनी न्हवतंच. लोकं हसाया लागली, कुनी म्हनलं आजोबा झोपलं. तवा सोनाआजीनं पदर खोचला आनि गर्दीतनं वरडली, "व्हय, उचला की आता!" आनि आबा सुटलं, त्याच त्यांच्या बारीक धावंनं, जनू चुलीसाठी इस्तू आनाया निघालं.

म्होरलं मी डोळ्यानं बगितलं न्हाई. नामानं सांगितलं आनि एक पांढऱ्या बुटाचं पोरगं व्हतं, तळेगावचं, कालेजात जानारं, त्यानं नंतर चा पिताना समद्यास्नी सांगितलं. खंडाळ्याला जाताना उतार हाय, तितं पोरं जीव तोडून पळाली. माघारी येताना चढ, आनि चढाला येकेकाची जीभ भाईर. आबांच्या धावंत चढ बी न्हवता आनि उतार बी न्हवता. ते मागनं आलं आनि येकेकाच्या म्होरं जाया लागलं, आनि म्होरं गेलं की बोलाया लागलं. खडी. मोटार. खड्डा डावीकडं. ते पांढऱ्या बुटाचं पोरगं म्हनलं, आजोबा, तुम्ही कोणाशी बोलताय? आबा मागं न बगता म्हनलं, तुज्याशीच बोलतोय, व्हय म्हन. ते पोरगं हसलं आनि व्हय म्हनलं, आनि त्यानं सांगितलं की मग गंमत झाली, मला खाली बघायचं कामच राहिलं नाही, नुसतं त्यांच्या पाठीवरच्या नंबराकडं बघायचं आणि होय म्हणायचं, पाय आपोआप पडायचा. मंग त्याच्या मागं दुसरं लागलं, तिसरं लागलं. ट्रकवरचा किलीनर बगून वरडला म्हनं, ही कुटली दिंडी निघाली. चढावर येकेक करत पोरं गळाली, आनि शेवटी आबांच्या मागं नामा उरला. नामाच्या कुशीत कळ मारत व्हती. तरी आबांनी वाट बोलली की त्यो सवयीनं व्हय म्हनत व्हता. ल्हानपनापसनंची सवय, आबांच्या मागं चालूनच त्यो चालाया शिकलेला.

बाजारात ते शिरलं तवाचं मी बगितलं. रेल्वेतलं एक पोरगं केव्हाच येऊन हार घालून बसलं व्हतं, त्यामागनं अजून दोनतीन आली. मंग लोकं म्हनली, म्हातारा आला. मी दुकानाच्या पायरीवरनं उठले. आबा म्होरं आनि नामा बरोबर डोलीयेवढं अंतर सोडून मागं, दोघांचा पाय येकाच येळी पडत व्हता. येवढ्या गलक्यात बी आबांचा आवाज आला, गटार उजवीकडं. मागनं व्हय आलं. आमचं मालक म्हनलं, आरं, डोलीत कोन हाय आता? बायका हसल्या. मी हसले न्हाई, कारन मला ती रेघ दिसत व्हती आनि आबा म्होरं व्हतं, आनि मी देवाला म्हनत व्हते की आता येवढंच ऱ्हायलंय, येवढंच.

तितं रस्त्यात म्हशीचं शेण पडलेलं. आबा बोललं, शेण. मागनं काय आलं न्हाई. आबा परत बोललं, जरा मोठ्यानं. काय आलं न्हाई.

आनि आबा थांबलं. रेघ हाकंच्या अंतरावर, लोकं वरडतायत, पळा आजोबा, पळा, आनि ते जागच्या जागी हुबं, मागं वळून बगतायत नामाला काय झालं. नामानं मान खाली घातलेली, डोळं अर्धं मिटलेलं, तोंड उघडं. त्यो शेणावर पाय देऊन घसरला, सावरला, आबांच्या बाजूनं म्होरं गेला आनि रेघ वलांडून पडला. आबा तवर हुबंच. मागनं दोन पोरं आली ती बी म्होरं गेली. मंग आबा आलं.

आमच्या वाडीची दोन वाटं झाली तितंच. कुनी म्हनलं नामानं मुद्दाम तोंड मिटलं, त्याला ठावं व्हतं आबा थांबनार. सोनाआजी तर त्याच्या अंगावरच गेली, तोंडात काय गूळ धरला व्हता का रं, म्हनली. नामा रस्त्याच्या कडंला वकत व्हता, त्यो येवढंच म्हनत व्हता, काकी, दमच न्हवता, दमच न्हवता. आबांनी मुंडासं सोडलं, नळाखाली भिजवलं आनि नामाचं तोंड पुसलं, ल्हान पोराचं पुसतात तसं, कानामागं बी.

"मागनं व्हय आलं न्हाई, मी थांबलो. त्यात भांडायचं काय हाय? आजपसनं म्होरला नामा."

नामा म्हनला, आबा, मला नगं. आबा म्हनलं, कबूल म्हनला व्हतास.

घरला येताना आबा मागं चालत व्हतं, समद्यांच्या शेवटी.

त्या दिसापसनं मला झोप लागंना. मी नामाचं तोंड बगायची. पानी भरताना दिसला तरी बगायची. जो मानूस येका खांद्यासाठी तोंड मिटून घेतो, त्यो खिंडीत काय करंल, कड्यावर काय करंल, असंच डोस्क्यात. मालकांस्नी सांगितलं तर ते म्हनलं, येडी हाईस. आत्याबाईला सांगायची सोय न्हाई. शेवटी एक दिस आबा आमच्या वसरीवर दोर वळत बसलेलं, घरात कुनी न्हवतं, मी जीव मुठीत धरून इचारलं. आबा, त्यो मुद्दाम गप ऱ्हायला का.

आबा म्हनलं, दम सरला की बोलता येत न्हाई, पोरी.

मी म्हनलं, आनि सरला नसंल तर?

आबांनी दोराचा पिळ दोन डाव सोडून परत भरला. मला वाटलं आता रागावनार.

"तर त्याला म्होरं ठिवलेलाच बरा. म्होरं त्याला बोलावंच लागंल."

शिमगा तोंडावर आला तवा सकाळीच माज्या पोटात कळ आली. भाकरी तव्यावर तशीच ऱ्हायली. मालक पळत गेले, डोली बांधली. म्होरं नामा. मागला खांदा कोन देनार म्हनून मालक म्होरं झाले तर आबा आधीच बांबूखाली हुबं. सोनाआजी म्हनली, छातीचं काय? आबा म्हनलं, छाती तुज्याकडं ठिवून जातो. मला आत निजवलं. उतरताना आजाऱ्याचं डोकं मागच्या अंगाला ठिवत्यात, डोकं वर ऱ्हावं म्हनून. म्हंजे माजं तोंड आबांच्या तोंडाखालीच. वाडीतली कितीक मानसं त्यांनी खाली नेली आसतील, पर डोली नेताना त्यांचं तोंड कसं असतं ते कुनी बगितलं नसंल, कारन ते कायम म्होरं. मी बगितलं. वठ घट्ट मिटलेलं, डोळं बारीक, आनि दर पावलाला गालाचं हाड वर खाली.

नामा बोलत व्हता. दगुड बोलत व्हता, मूळ बोलत व्हता, सुकलेला पाला सुदिक बोलत व्हता. कधी न बोलायचं ते बी बोलत व्हता. आबा व्हय म्हनत व्हतं. मी कळंबरोबर गोधडी चावत व्हते आनि त्या दोघांच्या बोलन्याला धरून ऱ्हायले व्हते, जनू त्योच बांबू. खिंड गेली. मंग कड्याची वाट आली. तितं दोन मानसं शेजारी मावत न्हाईत, तितं बदली देता येत न्हाई, एकदा शिरलं की पलीकडं निघायचं. आनि तितंच आबांच्या छातीतनं तो भात्याचा आवाज सुरू झाला.

पायरी, नामा म्हनला. आबांचं तोंड उघडलं. आवाज आला न्हाई. पाय मातर पायरीवर बरोबर पडला. त्यांनी ऐकलं व्हतं, समदं ऐकलं व्हतं, नुसता आवाज न्हवता. मला खालनं दिसत व्हतं, त्यांचं वठ व्हय म्हनायला हलत व्हतं आनि त्यातनं वारा बी निघत न्हवता. नामाची चाल हळू झाली. त्यो थांबनार व्हता. त्या कड्यावर, अधांतरी, आनि माजी पोरगी खाली उतराया लागलेली, मला कळत व्हतं, ती थांबनारी न्हवती.

"व्हय," मी म्हनलं.

नामा थबकला. बाईचा आवाज. त्याला काय कळायचं ऱ्हायलं न्हवतं. मागं वळून बगायची जागा न्हवती. मंग त्यानं घसा साफ केला आनि म्हनला, दगुड, डावीकडं. मी वर बगितलं. आबांनी पापनी मिटून उघडली. मी म्हनलं, व्हय. निसरडं. पापनी. व्हय. मला मानसांत बोलता येत न्हाई, पर त्या दिशी समद्या कड्यानं माजा आवाज ऐकला आसंल. कळ आली की व्हय लांब व्हायचं, वरडल्यावानी, तरी म्हनायची. आबांचा घाम माज्या कपाळावर पडत व्हता, येक थेंब, दुसरा थेंब, आनि त्यांचं डोळं माज्यावरनं हलत न्हवतं. कडा संपला, मालकांनी बांबूखाली खांदा घातला आनि आबांना बाजूला केलं, तवा नामा म्होरनं म्हनला, कुनालाच न म्हनल्यावानी, दम सरला की असंच व्हतं.

आबा मागं ऱ्हातील वाटलं व्हतं, पर ते आलं. डांबरी रस्त्यावर आलं, बाजारातनं आलं, दवाखान्यापत्तोर आलं, भितीला हात लावत लावत.

नर्सबाईनं मला खाटंवर घेतलं आनि बाप्यांनी भाईर थांबा म्हनली. दार अजून उघडं व्हतं. व्हरांड्यात आबा भितीला टेकून खाली बसलेलं, पाय लांब केलेलं, आनि नामा त्यांच्या पायाशी मांडी घालून. त्यानं आबांचा पाय आपल्या मांडीवर घेतला व्हता आनि पिनंनं टाचंतला काटा काढत व्हता. आबा त्याला कायतरी टोचून बोललं आसनार, कारन नामा खाली मान घालून हसला, आनि मंग हसता हसता त्यानं बाहीनं डोळं पुसलं आनि परत पायावर वाकला. मी कळ इसरून बगत व्हते. आबांचं ध्यान माज्याकडं गेलं. आवाज अजून आलेला नसंल, त्यांनी नुसता हात उचलला आनि मला हटकलं, हितं काय बगतीस, तिकडं बग, तुजं काम तिकडं हाय, असं. मी तोंड फिरवलं आनि नर्सबाईनं दार लावलं.